पैसे लावण्याआधी ब्लॉकचेन वाचायची कशी?

उसाचं बिल खात्यावर जमा व्हायला लागलं की आपल्या भागात पैसे दुप्पट करून देणारी माणसंही फिरायला लागतात. पूर्वी ती प्लॉटची, सागवानाची, इमू पालनाची स्कीम घेऊन यायची. आता मोबाईलवर एक ॲप उघडून दाखवतात आणि सांगतात, नवं कॉइन, म्हणजे डिजिटल नाणं, आलंय, बाजारात लिस्ट व्हायच्या आत घ्या. दुसरीकडे उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणारी किंवा पुण्याला, बेंगळूरला आयटीत असलेली आपली पोरं एक्सचेंजवर, म्हणजे कॉइनच्या ऑनलाइन बाजारात, रीतसर बिटकॉइन, इथेरियम घेतात आणि ‘व्हेलनं (बड्या धारकानं) माल हलवला’, ‘एक्सचेंजवर इनफ्लो वाढला’ असले मेसेज वाचून खरेदी-विक्री करतात. मी बेळगावात आयकर विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे हिशोब माझ्या टेबलावर येतात.

स्कीमवाल्याकडे पैसे देणारा आणि एक्सचेंजवर खरेदी-विक्री करणारा, या दोघांच्याही उपयोगाची एक गोष्ट इंटरनेटवर फुकट आणि उघडी पडलेली आहे, ती म्हणजे खुद्द ब्लॉकचेन. ती वाचता आली तर पहिल्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा वाचतात. दुसऱ्याला मात्र ती वाटते तेवढी मदत करत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी तिच्यात नेमकं काय लिहिलेलं असतं ते बघावं लागेल.

जमीन घेताना आपण काय करतो? सर्व्हे नंबर घेऊन आरटीसी उतारा काढतो. कानडी वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घेतो. मालक कोण, फेरफार कधी झाला, सोसायटीचा बोजा आहे का, हे बघतो आणि मगच इसार देतो. ब्लॉकचेन हा पैशांचा तसाच उतारा आहे. फक्त तो कुठल्या कचेरीत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर त्याची तीच प्रत असते, नवी नोंद जुन्या नोंदीला गणिती ठशानं बांधलेली असते, म्हणून मागचं पान कुणाला गुपचूप बदलता येत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक असा की या उताऱ्यावर मालकाचं नाव नसतं. नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे मिळून झालेला एक लांबलचक पत्ता असतो. तो कुणाचा, हे उतारा सांगत नाही.

एक खरी नोंद उघडून बघू. बिटकॉइनची ही वही ३ जानेवारी २००९ पासून चालू आहे आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिच्यात एक पान, म्हणजे ब्लॉक, जोडला जातो. ‘मेमपूल डॉट स्पेस’ या साइटवर कुणीही ती वाचू शकतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. तिथे वरच्या शोधचौकटीत ५७०४३ हा आकडा टाका. २२ मे २०१० चं पान उघडेल. त्यात एका व्यवहारात बरोबर १०,००० बिटकॉइन एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेलेले दिसतील. डाव्या बाजूला पैसे कुठून आले ते, आणि तिथे एकच मोठी रक्कम नसून शंभराहून जास्त लहान-मोठे तुकडे जोडलेले आहेत. उजव्या बाजूला ते कुठे गेले ते. खाली फी, ०.९९ बिटकॉइन. त्या तुकड्यांपैकी कुठल्याही एकावर टिचकी मारली की तो आधी कुठून आला हे दिसतं, आणि असं मागे मागे गेलं की तो जन्मला त्या ब्लॉकपर्यंत पोचता येतं.

हा तो प्रसिद्ध पिझ्झाचा व्यवहार. फ्लोरिडातल्या लास्झ्लो हान्येच नावाच्या प्रोग्रामरनं दोन पिझ्झांच्या बदल्यात १०,००० बिटकॉइन दिले होते. पण ‘पिझ्झा’ हा शब्द त्या पानावर कुठेही नाही. ‘हान्येच’ही नाही. ही विक्री होती, भेट होती, की एकाच माणसानं आपल्या एका वॉलेटमधून (डिजिटल पाकिटातून) दुसऱ्यात रक्कम टाकली होती, हे वहीवरून अजिबात कळत नाही. ते आपल्याला माहीत आहे, कारण त्यानं स्वतः ते जाहीरपणे सांगितलं होतं. काय हललं, किती हललं आणि कधी हललं, याबद्दल ब्लॉकचेन पक्की. कुणी हलवलं आणि कशासाठी, याबद्दल गप्प. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण त्यावरून आकडे फार फसवतात. समजा तुमच्याकडे एक अख्खा बिटकॉइन एका तुकड्यात आला आहे आणि तुम्हाला ०.२ द्यायचा आहे. तो तुकडा पूर्णच खर्ची पडतो. ०.२ समोरच्याला जातो आणि उरलेला ०.८, फी वजा जाता, तुमच्याच पत्त्यावर परत येतो, बहुतेक वेळा नव्या पत्त्यावर. वरवर बघणाऱ्याला वाटतं एक बिटकॉइन हलला. प्रत्यक्षात हात बदलला तो ०.२ नं. ‘आज चेनवर अमुक अब्ज डॉलरची उलाढाल’ अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवा. या परत आलेल्या रकमा वगळायचा प्रयत्न चांगल्या कंपन्या करतात, पण शेवटी तो अंदाजच.

‘ॲक्टिव्ह ॲड्रेस वाढले’ या आकड्याचंही तेच. पत्ता म्हणजे माणूस नाही. एका माणसाचे शंभर पत्ते असू शकतात आणि एक्सचेंजच्या एकाच पत्त्यात लाखो माणसांचे पैसे असू शकतात. ज्या चेनवर फी नगण्य आहे तिथे तर एक जण एका दुपारीत हजारो पत्ते हलते ठेवू शकतो. नव्या कॉइनच्या जाहिरातीत हा आकडा असेल तर मी तिकडे बघतही नाही.

आता एक्सचेंजवरच्या आवक-जावकीकडे येऊ. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलेलं कॉइन विकायचं तर बहुतेक लोक ते आधी एक्सचेंजवर पाठवतात. म्हणून आवक वाढली की विक्री येणार, आणि लोक एक्सचेंजवरून काढून घेऊ लागले की ते ठेवायच्या विचारात आहेत, असा अर्थ लावतात. तर्क चुकीचा नाही. पण कुठला पत्ता एक्सचेंजचा, हे चेनवर लिहिलेलं नसतं. आर्कम, ग्लासनोड, क्रिप्टोक्वांट अशा कंपन्या खुणा जुळवून त्यावर चिठ्ठ्या चिकटवतात. एक्सचेंजनं आपलीच तिजोरी एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवली तरी इशाऱ्याचा मेसेज फिरतो. शिवाय लोक पैसे काढतात ते कधी कधी भीतीपोटी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं एक्सचेंज बुडालं तेव्हा सगळीकडूनच लोकांनी कॉइन काढून घेतले. त्या जावकीचा अर्थ ‘आता भाव चढणार’ असा नव्हता. एक्सचेंजवर भरवसा उरला नव्हता, एवढाच होता.

आणि चिठ्ठी शंभर टक्के बरोबर असली तरी काय होतं, याचं उत्तम उदाहरण जर्मनीचं आहे. चित्रपटांच्या चोरीच्या एका जुन्या प्रकरणात तिथल्या सॅक्सनी राज्याच्या पोलिसांच्या हाती सुमारे ५०,००० बिटकॉइन आले होते. जून २०२४ च्या मध्यापासून ते विकायला लागले. ते वॉलेट कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आज किती निघाले, कुठल्या एक्सचेंजवर गेले, शिल्लक किती, हे सगळं जग तासातासाला बघत होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्याच सुमाराला माउंट गॉक्स या २०१४ साली बुडालेल्या एक्सचेंजचे कॉइन धनकोंना परत द्यायला सुरुवात झाली आणि भाव ५४,००० डॉलरच्याही खाली आला. “काका, जर्मनीवाले विकालेत म्हणून मी पण सगळं काढून टाकलो की,” असं एक पोरगा मला सांगत होता. १२ जुलैच्या सुमारास जर्मनीचं वॉलेट रिकामं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात बिटकॉइननं एक लाख डॉलर ओलांडले.

त्या पोराची माहिती खोटी नव्हती. एकही नोंद चुकीची नव्हती. पण जे त्याला दिसत होतं ते साऱ्या बाजारालाही दिसत होतं, म्हणजे ते भावात आधीच उतरलेलं होतं. आणि विकणारा दिसतो तसा घेणारा दिसत नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून प्रत्यक्ष बिटकॉइन धरणारे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे घेता-विकता येणारे फंड, चालू झाले. त्यातली खरेदी-विक्री शेअर बाजारात होते, चेनवर तिचा फार तर मागाहून पडसाद उमटतो. आपल्याकडेही तेच. तुम्ही ॲपवर पाचशे रुपयांचा बिटकॉइन घेतला तर तो चेनवर शोधून सापडणार नाही. ती नोंद फक्त त्या कंपनीच्या स्वतःच्या हिशोबात असते. बाजाराचा फार मोठा भाग असा चेनच्या बाहेर चालतो.

एक मोजमाप मला खरंच विचार करण्यासारखं वाटतं. त्याला एमव्हीआरव्ही म्हणतात: सगळ्या कॉइनची आजची किंमत भागिले ती शेवटची हलली तेव्हाची किंमत, जी धारकांची अंदाजे खरेदी मानतात. समजा जगात तीनच बिटकॉइन आहेत. पहिला शेवटचा हलला तेव्हा भाव २० हजार डॉलर होता, दुसरा हलला तेव्हा ४० हजार आणि तिसरा हलला तेव्हा ६० हजार. म्हणजे धारकांची मिळून अंदाजे खरेदी १ लाख २० हजारांची. आज भाव ८० हजार असेल तर तिन्हींची बाजारातली किंमत २ लाख ४० हजार. भागाकार २. याचा अर्थ सरासरी धारकाचे पैसे दुप्पट झालेत, आणि नफा खिशात घालायचा मोह त्याला होऊ शकतो. हाच आकडा १ च्या खाली गेला तर सरासरी माणूस तोट्यात बसलेला असतो. २०१८ च्या अखेरीस आणि २०२२ च्या उत्तरार्धात तो १ च्या खाली होता, आणि त्या दोन्ही वेळी घेतलेल्यांना पुढे चांगले दिवस आले.

मग याच्यावर डोळे मिटून चालावं का? नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९,००० डॉलरच्या आसपास नवा उच्चांक गाठत होता, तेव्हा हे गुणोत्तर त्याच वर्षाच्या सुरुवातीपेक्षा खाली होतं. ते पूर्वीच्या शिखराइतकं चढलं की विकू, म्हणून थांबलेल्यांना तो इशारा मिळालाच नाही, आणि वर्षभरात भाव १६,००० पर्यंत घसरला. बिटकॉइनच्या आयुष्यात अशा मोठ्या चढ-उताराच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या आहेत. एवढ्यावरून नियम बांधणं मला धोक्याचं वाटतं. बाजार गरम आहे की थंड, एवढा अंदाज घ्यायला हे मोजमाप वापरावं. पोराच्या फीचे पैसे त्याच्यावर लावू नयेत.

हाविंगचं थोडक्यात सांगतो. दर २,१०,००० ब्लॉकनंतर नव्या बिटकॉइनची निर्मिती निम्मी होते. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५, म्हणजे दिवसाला साधारण ४५० नवे येतात. एकूण कधीच २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाहीत. हे साधारण कधी होणार ते सगळ्यांना वर्षानुवर्षं आधी माहीत असतं, त्यामुळे ‘आतली खबर’ म्हणून ते कुणी विकत असेल तर विकत घेऊ नका.

आता त्या पहिल्या माणसाकडे, म्हणजे स्कीममध्ये पैसे घालणाऱ्याकडे वळू, कारण आपल्या तालुक्यांत खरं नुकसान तिथे होतं. हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग, पडद्यावर चढता आलेख, शेवटी जेवण. बोलणारा बहुतेक वेळा पाहुण्यातलाच असतो. त्याला एकच विचारा: कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस कुठला? बहुतेक नवी कॉइन स्वतःची चेन चालवत नाहीत, ती इथेरियम, बीएनबी चेन अशा आधीपासून चालू असलेल्या चेनवर बनवलेली टोकन असतात. प्रत्येक टोकनला असा एक पत्ता असतोच. इथेरियमवरचा असेल तर इथरस्कॅन आणि बीएनबी चेनवरचा असेल तर बीएससीस्कॅन या साइटवर तो टाकला की त्याची कुंडली समोर येते. पत्ता द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल तर तिथेच उठावं. वनकॉइन नावाच्या स्कीमनं जगभरातून अब्जावधी डॉलर गोळा केले, लोकांना साइटवर आपलं ‘बॅलन्स’ वाढताना दिसत होतं, आणि मागे खरी सार्वजनिक ब्लॉकचेन नव्हतीच. तिची प्रवर्तक रुजा इग्नातोव्हा २०१७ पासून बेपत्ता आहे.

पत्ता मिळाला तर ‘होल्डर्स’ हा विभाग उघडा. पहिल्या दहा पत्त्यांकडे एकूण मालाच्या किती टक्के आहे ते बघा. एकाच पत्त्याकडे ७०-८० टक्के असेल तर तो माणूस ठरवेल त्या दिवशी भाव कोसळेल. पण घाई करू नका. तो पत्ता एखाद्या एक्सचेंजचा किंवा कायमचं नष्ट केलेलं टोकन टाकायचाही असू शकतो, पानावर तशी खूण असते. मग ‘ट्रान्सफर्स’ बघा आणि त्यात विकणारे शोधा. घेणारेच घेणारे आणि विकणारा फक्त एक पत्ता, असं दिसलं तर ते टोकन विकताच येणार नाही अशा रीतीनं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता. २०२१ मध्ये स्क्विड नावाच्या टोकनचं हेच झालं. भाव २,८०० डॉलरच्या पुढे गेला, लोकांना विकता येत नव्हतं, आणि काही मिनिटांत तो शून्यावर आला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली जाणारी: लिक्विडिटी, म्हणजे विकायला गेलं तर प्रत्यक्षात निघू शकणारा पैसा. अशी टोकन एका पूलमधून घेतली-विकली जातात. पूलमध्ये एका बाजूला ते टोकन आणि दुसऱ्या बाजूला खरी किंमत असलेलं काहीतरी, म्हणजे टेथर (डॉलरशी भाव बांधलेलं कॉइन) किंवा इथर (इथेरियमचं कॉइन). समजा ५ कोटी टोकन आहेत आणि भाव १० रुपये. पडद्यावर ‘मार्केट कॅप ५० कोटी’ असं झळकेल. पण पूलमध्ये टेथरच्या बाजूला फक्त १० लाख रुपयांचा माल असेल, तर सगळ्या गावानं मिळून विकलं तरी त्यातून १० लाखांपेक्षा एक रुपयाही जास्त निघणार नाही. उरलेले ४९ कोटी ९० लाख कुठेच नाहीत. आणि ते १० लाखही टोकन बनवणाऱ्यालाच काढून नेता येत असतील तर? पूलमधल्या हिश्शाची पावती कुणाच्या वॉलेटमध्ये आहे, कुलूपबंद आहे का आणि कधीपर्यंत, हेही चेनवर दिसतं.

एकूण पुरवठा स्थिर आहे का, नवीन टोकन छापायचा अधिकार कुणाकडे आहे का, हेही बघावं. मे २०२२ मध्ये लुना नावाचं कॉइन कोसळलं तेव्हा काही दिवसांत त्याचा पुरवठा सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेला. तो वाढताना सगळ्यांना दिसत होता. तरी ‘स्वस्त झालंय’ म्हणून लोक घेत राहिले.

कुणी भरलेलं वॉलेट दाखवून ‘हा आमच्या कंपनीचा फंड’ म्हणत असेल तर तोही पुरावा नाही. जगातल्या कुठल्याही श्रीमंत पत्त्याचं पान कुणीही उघडून दाखवू शकतं. त्याला सांगा, याच पत्त्यावरून आत्ता माझ्यासमोर दहा रुपयांचं काहीतरी पाठवून दाखव. खरा मालक असेल तर काही मिनिटांत पानावर नोंद येईल. आणि दरमहा ठरावीक टक्के देतो म्हणणाऱ्याच्या बाबतीत इतकंही करायची गरज नाही. गेनबिटकॉइनवाल्यांनी १८ महिने दरमहा १० टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं, आणि त्यात महाराष्ट्रातले हजारो लोक बुडाले.

दिसणं म्हणजे परत मिळणं नव्हे, हेही समजून असावं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचे कॉइन चोरीला गेले. ते कुठल्या पत्त्यावर गेले, पुढे कसे फिरवले, हे घरी बसून कुणालाही दिसत होतं. ग्राहकांचे पैसे मात्र दीर्घकाळ अडकले. मोठी रक्कम असेल तर ती एक्सचेंजवर पडून ठेवू नये, या मताचा मी आहे.

शेवटी माझ्या कामाचा विषय. चेनवरचे इशारे बघून सतत आत-बाहेर करणाऱ्यांना आपला करकायदा फार महाग पडतो. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. समजा इथेरियममध्ये ४०,००० मिळाले आणि दुसऱ्या कॉइनमध्ये ३०,००० गेले. हातात आले १०,०००. कर मात्र पूर्ण ४०,००० वर, म्हणजे १२,४८०. वर्षाअखेर तुम्ही २,४८० रुपयांनी खाली. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी तो व्यवहार विक्रीच धरला जातो.

म्हणून जे काही कराल त्याची नोंद त्याच दिवशी ठेवा: तारीख, किती घेतलं किंवा विकलं, त्या वेळचा रुपयातला भाव, आणि चेनवरचा व्यवहार असेल तर त्याचा हॅश, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा लांब आकडा. विवरणपत्रातल्या व्हीडीएच्या (आभासी डिजिटल मालमत्तेच्या) तक्त्यात घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेली रक्कम, सगळं व्यवहारागणिक भरावं लागतं. एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये कॉइन नेलं असेल तर तेही लिहून ठेवा. ती विक्री नाही, पण तपासणीत तसं दाखवायची वेळ आली तर दोन्ही पत्ते तुमचेच आहेत हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.